बारा इंची ‘यूटिलिटी’ ग्लोव्हज : एका बदलीवाल्याचा अभिप्राय

आधी व्यवहाराचं सांगून टाकतो, पुढचं ज्याला वाचायचं तो वाचेल. ग्लोव्हज बारा इंची. तळहाताची बाजू चामड्याची, पाठ रेक्झिनची, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जाळी बंद विणीची, रंग काताचा. माल मेरठचा. किंमत ३,४५० रुपये, कुरिअरचे १२० वेगळे. खान्देशाबाहेरच्या एका दुकानातून फोनवर मागवला. गेल्या जूनपासून या मार्चपर्यंत वापरला, म्हणजे शाळेच्या पोरापोरींना सॉफ्टबॉल शिकवताना जवळपास रोज, आणि रविवारी सकाळी आम्ही जुनी खोडं बेसबॉल खेळतो तेव्हा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘यूटिलिटी’, म्हणजे कुठल्याही जागेवर चालणारा, असं लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर त्या एका शब्दावर मी पैसे टाकले.

कारण मी स्वतः तोच. जळगावात पी.टी. शिक्षक आहे, वय बेचाळीस. शाळेत सॉफ्टबॉल खेळलो, कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाच्या बेसबॉल संघात आलो. या खेळात क्षेत्ररक्षणाच्या जागा नऊ : चेंडू टाकणारा पिचर, बॅटरच्या मागे बसणारा कॅचर, जवळ म्हणजे इनफिल्डला फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस आणि सेकंड-थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप, आणि लांब म्हणजे आउटफिल्डला तिघे, त्यातला एक लेफ्ट फिल्ड. मी चार वर्षांत सात जागांवर उभा राहिलो. सेकंड बेसवाल्याला कावीळ झाली, मी सेकंड बेस. लेफ्ट फिल्डवाल्याच्या बहिणीचं लग्न निघालं, मी लेफ्ट फिल्ड. संघाच्या यादीत माझ्या नावापुढे खेळण्याची जागा लिहायची असायची तिथे सर एक आडवी रेघ मारायचे. एकदा विचारलंच, सर, माझी जागा कोणती? ते म्हणाले, “तुला जागा दिली तर बाकीच्यांच्या जागेवर कोण जाईल?” तेव्हा राग आला होता. आता स्वतः संघ निवडतो तेव्हा कळतं की ते कौतुकच होतं, फक्त उपाशी ठेवणारं.

नोकरीतही तेच झालं. बी.पी.एड. झाल्यावर तासिका तत्त्वावर पाचोरा, मग एरंडोल, मग चोपडा. कुणी रजेवर गेलं की आपण हजर. आमच्या घराण्यात ही परंपराच म्हणायची. आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये बदलीवर होते. बदली कामगार म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागतं. पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर डबा तसाच घेऊन घरी. आज साचेखातं, उद्या रिंगखातं, जिथे माणूस कमी तिथे. आजी विचारायची, काम भेटलं का? ते अहिराणीत म्हणायचे, “भेटनं ते भेटनं, नही ते घर.” आणि २४० दिवसांचा हिशेब कायम तोंडी. वर्षात तेवढ्या हजेऱ्या भरल्या की काही हक्क मागता येतो, म्हणून बोटांच्या पेरांवर दिवस मोजत बसायचे.

अमेरिकेतल्या बेसबॉलबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला हे सगळं ओळखीचं वाटलं. तिकडे १७२ दिवस मुख्य संघाच्या यादीत राहिलं की एक वर्षाची सेवा धरतात, आणि ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. यादीत माणसं २६, त्यातले अर्धे पिचर. उरलेल्यांमध्ये व्यवस्थापकाला एक असा हवाच असतो जो कुठेही उभा राहील. तोच यूटिलिटी खेळाडू. कुणी जखमी झालं की वर बोलावणं, तो बरा झाला की परत खालच्या लीगला. गेटच फक्त मोठं आहे हो, बाकी मिलचीच गोष्ट.

विली ब्लूमक्विस्ट नावाचा एक होता. सिॲटलच्या जवळचाच पोरगा, २००२ मध्ये सिॲटल मरिनर्सकडून सुरुवात. मग कॅन्सस सिटी, थोडे दिवस सिनसिनाटी, मग ॲरिझोना, आणि फिरून फिरून २०१४ मध्ये परत सिॲटल. चौदा हंगाम, हजाराहून जास्त सामने, पिचर आणि कॅचर सोडून सगळ्या जागा. पोस्टर कुणी भिंतीवर लावलं नसेल त्याचं, पण चौदा हंगाम त्याला कुणी ना कुणी गेटमधून आत घेतलं. पुढे २०२१ मध्ये तो ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि मला त्यात नवल वाटत नाही. सगळ्या खात्यांतून फिरलेल्यालाच कारखाना कळतो.

बेन झोब्रिस्ट हा दुसरा यूटिलिटीवाला मात्र बेसबॉल बघणाऱ्या सगळ्यांना माहीत. २०१६ची दिवाळीची सुट्टी, जिओचं फुकट नेट नुकतंच आलेलं. ३ नोव्हेंबरला पहाटे साडेपाचपासून मी अंगणात खाटेवर बसून मोबाइलवर वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे तिकडच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्याचा स्कोअर बघत होतो. नऊ डाव बरोबरीत, मग पाऊस, सतरा मिनिटं खेळ बंद. दहाव्या डावात झोब्रिस्टने लेफ्ट फिल्डच्या रेषेला धरून दोन बेसचा फटका मारला, शिकागो कब्ज पुढे गेले आणि ८-७ ने जिंकले. १०८ वर्षांनी जेतेपद. बेसबॉलच्या चेंडूला जोडटाके १०८, आपल्या जपमाळेचे मणीही १०८, हे मी त्या दिवशी घरात तीनदा सांगितलं, कुणी दाद दिली नाही. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट. वर्षभर बहुतेक सेकंड बेस खेळलेला माणूस, मालिकेत लेफ्ट फिल्डला.

असो. ग्लोव्हजकडे येतो.

पहिल्यांदा जो आला तो चुकीचा आला. मी उजव्या हाताने फेकतो, म्हणजे ग्लोव्हज डाव्या हातात हवा. नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो, पण दुकानदाराचा व्हायला नको. त्याने ‘उजवा’ ऐकलं आणि उजव्या हातात घालायचा पाठवला. फोन केला तर म्हणे, “भाऊ, थोडे दिवसांत सवय होऊन जाते.” मी म्हटलं, वीस वर्षांची सवय आहे मला, तीच मोडायची का? बदलून दिला, पण अकरा दिवस गेले आणि परतीचं कुरिअर माझ्या खिशातून. तुम्ही मागवाल तेव्हा ‘फेकतो उजव्याने, घालणार डाव्यात’ असं पूर्ण वाक्य सांगा, आणि जमल्यास लिहून पाठवा.

दुसरा गोंधळ बारा इंचाचा. ग्लोव्हजचे बारा इंच म्हणजे टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. सॉफ्टबॉलचे बारा इंच म्हणजे चेंडूचा घेर. दोन्हीकडे बारा आहे म्हणून जोडी जमली असं नसतं. बेसबॉलचा चेंडू नऊ-सव्वानऊ इंच घेराचा, तो या ग्लोव्हजच्या खिशात, म्हणजे चेंडू जिथे बसतो त्या खोलगट जागेत, ऐसपैस बसतो. सॉफ्टबॉल बसतो, पण पाहुणा बसतो तसा, अर्धा बाहेर. फक्त सॉफ्टबॉल खेळणाऱ्याने साडेबारा किंवा तेरा घ्यावा.

नवा आला तेव्हा फळीसारखा कडक. मुठीत मिटेचना. शेव-भाजीचा मसाला कुटायचा बत्ता जुन्या धोतरात गुंडाळून रोज रात्री खिशात शंभर ठोके दिले, मग चेंडू आत घालून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधला आणि गादीखाली ठेवला. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली, “अहो, गादीखाली ठेवा नाहीतर देव्हाऱ्यात, पण बत्ता माझा मला परत द्या.” तीन आठवड्यांत चामडं वळलं. इथे मालाला चांगले गुण देतो. खिसा जिथे पाडायचा तिथेच पडला, करंगळीकडे सरकला नाही. स्वस्त मालात हे सहसा होत नाही.

आता जागा. मी त्याला एकेका जागेवर नेऊन पाहिला.

थर्ड बेसला उत्तम. तिथे चेंडू अंगावर येतो, पकडायला वेळ नसतो, नुसता हात पुढे करायचा असतो. खोल खिसा तिथे उपयोगी पडतो.

शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसला मात्र ‘यूटिलिटी’चं बिंग फुटतं. तिथले लोक सव्वाअकरा ते साडेअकरा इंचाचा ग्लोव्हज वापरतात, त्याला कारण आहे. चेंडू पकडायचा नसतोच खरं तर, आला की उजव्या हातात घेऊन फेकायचा असतो. खिसा उथळ हवा. या ग्लोव्हजमध्ये चेंडू तळाशी जातो आणि हात आत घालून शोधावा लागतो, धान्याच्या कोठीत हरवलेल्या अंगठीसारखा. डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन गडी बाद, करताना माझे दोन वेळा दोन्ही गडी सुटले. पोरं हसली. वय झालं म्हणाली. वय झालंच आहे, पण त्यांच्यातल्या पोराला घालून दिला तर त्याचाही सुटला.

फर्स्ट बेसला चालून जातो. मिट म्हणजे वेगळी बोटं नसलेला ग्लोव्हज, आणि नियमाने तो घालायची मुभा दोघांनाच, कॅचरला आणि फर्स्ट बेसमनला. बाकीच्यांनी बोटांचा ग्लोव्हजच घालायचा. म्हणजे ज्याच्याकडे एकच वस्तू आहे त्याने ग्लोव्हज घ्यावा, मिट नाही, कारण ग्लोव्हज घालून फर्स्ट बेसला उभं राहता येतं, मिट घालून शॉर्टस्टॉपला नाही. लांबून आलेला आडवा थ्रो वाकून उचलताना मिटसारखी ओढ मिळत नाही, एवढंच.

कॅचर : करू नका. मी सरावाला दहा मिनिटं बसलो. अकरावीच्या एका पोराने फेकलं, त्याला अजून मिशी फुटलेली नाही, तरी संध्याकाळी माझा तळहात पुरीसारखा फुगला होता. तळहाताखाली भरण नाहीच म्हणण्यासारखं.

पिचरला छान. जाळी बंद विणीची असल्याने आत बोटं कशी धरली आहेत ते बॅटरला दिसत नाही. पण हाच गुण आउटफिल्डला दोष होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चार वाजतासुद्धा ऊन डोळ्यांत सुया टोचतं. उंच उडालेला चेंडू सूर्यात शिरला की आउटफिल्डर हात वर करून उघड्या जाळीतून चेंडू शोधतो. ही जाळी आडवी आली की सूर्यही दिसत नाही आणि चेंडूही नाही. कंपनीने जळगावचं ऊन पाहिलेलं नाही, हे उघड आहे.

तर असा हा प्रकार. दोन ठिकाणी पास, एका ठिकाणी काठावर, आउटफिल्डच्या तिन्ही जागा धरून सहा ठिकाणी नापास. पण मला खटकलं ते वेगळंच. तिकडचे यूटिलिटी खेळाडू एक ग्लोव्हज घेऊन फिरत नाहीत. त्यांच्या किटमध्ये तीन-चार असतात : इनफिल्डचा लहान, आउटफिल्डचा लांब, फर्स्ट बेसची मिट. माणूस एक, हत्यारं अनेक. ‘सगळीकडे चालणारा ग्लोव्हज’ ही कल्पना यूटिलिटी खेळाडूची नाहीच. ती ज्याच्या खिशात एकाच ग्लोव्हजचे पैसे आहेत त्याची आहे. ठीक आहे, मग डब्यावर तसं लिहा ना.

एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागा खेळण्याचा पराक्रम तिकडे मोजक्यांनी केला आहे. पहिला बर्ट कॅम्पानेरिस, ८ सप्टेंबर १९६५, कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सकडून. शेवटी कॅचरला बसला आणि होम प्लेटवर धडक होऊन जखमी झाला, बाहेर जावं लागलं. तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९६८ ला, मिनेसोटाच्या सीझर टोव्हारने तेच केलं. त्याने सुरुवात पिचर म्हणून केली, आणि त्याच्यासमोर पहिला बॅटर कोण? कॅम्पानेरिस! मग २०००च्या एकाच हंगामात स्कॉट शेल्डन आणि शेन हॉल्टर, २०१७ मध्ये अँड्र्यू रोमाइन. हे असे सामने बहुतेक हंगाम संपत आल्यावरचे, थोडे जत्रेतले. माझा जीव मात्र होजे ओकेंडोवर. प्वेर्तो रिकोचा. १९८८च्या हंगामात सेंट लुईस कार्डिनल्सकडून नऊही जागा खेळला, आणि त्यात गंमत कमी, गरज जास्त. मे महिन्यात अटलांटाविरुद्ध सामना लांबतच गेला, पिचर संपले, तेव्हा त्याला पिचिंगला पाठवलं. चार डाव टाकले त्याने. एकोणिसाव्या डावात हरले. पराभव त्याच्याच नावावर लागला. दुसऱ्याचं काम करायला गेलं की श्रेय कायमवाल्याचं आणि हार आपली, हे आजोबांनी मिलमध्ये पाहिलं, मी शाळेच्या वार्षिक तपासणीत पाहिलं.

२०२२ पासून उत्तम क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारात यूटिलिटी खेळाडूसाठी वेगळा मान ठेवला आहे. पहिल्या वर्षी डी.जे. लेमाहियू आणि ब्रेंडन डोनोव्हन यांना मिळाला. उशिरा का होईना.

टिकाऊपणाचं सांगतो, कारण मालाची खरी परीक्षा तिथेच. मेरठमध्ये बनवलेली वस्तू आपल्या हवेत वेगळं वागते. पावसाळ्यात काळी माती वाद्यांमध्ये जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट. ऑक्टोबरात मी एकदा ग्लोव्हज दुपारभर स्कूटरच्या डिकीत विसरलो, संध्याकाळी काढला तर बिबड्याच्या पापडासारखा वाजत होता. दुकानदाराने खोबरेल सांगितलं होतं. लावू नका. ग्लोव्हज जड होतो आणि धूळ धरतो. थोडी पेट्रोलियम जेली, तीही कापडाने, महिन्यातून एकदा, बास.

आठव्या महिन्यात अंगठ्याजवळची वादी तुटली. महिनाभराने जाळीची. साडेतीन हजारांत वादी वर्षभर टिकायला हवी होती. फोन केला, तर वाद्या गॅरंटीत येत नाहीत म्हणे. मग गॅरंटीत येतं काय, शिक्का?

शेवटी बसस्टँडजवळच्या आमच्या नेहमीच्या चांभारबाबांकडे गेलो. त्यांनी ग्लोव्हज उलटापालटा केला, जाळीतून बोट घातलं आणि विचारलं, “सर, हे बैलाचं मुसकं हाये का?” त्यांना खेळ समजावून सांगितला. त्यांना खेळात रस नव्हता, शिवणीत होता. म्हणाले, वादी सगळ्या भोकांतून एकसारखी ताणलेली आहे, म्हणून जिथे वळण आहे तिथे कापली जाते, वळणावर सैल पाहिजे. दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी गेलो तर सगळ्या वाद्या नव्या, तेलात मुरवलेल्या, आणि जाळीची वीण त्यांनी मधून थोडी मोकळी केलेली. का, विचारलं. “आत माती अडकत होती, पडाया जागा पाहिजे ना.” घेतले १८० रुपये. मी दोनशे दिले, वीस परत केले.

आता त्या मोकळ्या विणीतून चेंडू दिसतो. म्हणजे कंपनीने आउटफिल्डला नापास केलेला ग्लोव्हज बाबांनी आरी घेऊन पास केला. पिचरला मात्र आता जरा धोका आहे, बोटं दिसतात. काहीतरी द्यावं लागतंच.

घ्यावा का? शाळेच्या किटसाठी घ्या, जिथे आज हा पोरगा थर्ड बेस आणि उद्या लेफ्ट फिल्ड आहे. क्लबात ज्याची जागा ठरलेली आहे त्याने घेऊ नये, त्याच पैशात जागेचा ग्लोव्हज घ्यावा. सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपवाल्यांनी तर हातही लावू नये. माझ्यासारख्या बदलीवाल्याने दोन घ्यावेत असं मन सांगतं, एक साडेअकरा आणि एक हा. पण दोनाचे पैसे असते तर हा अभिप्राय लिहिलाच नसता.

पाचपैकी तीन देतो. बाबांची दुरुस्ती धरली तर पावणेचार. डावखुऱ्यांनी त्या दुकानात आधी फोन करा. माझा परत गेलेला ग्लोव्हज अजून तिथेच पडून असेल, आणि भावात थोडी घासाघीस होईल.